जातीचा रकाना काढा, जुनी रजिस्टरे राहू द्या

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांमधली जातीवर बेतलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितले. निकाल योग्यच आहे. मात्र हा आदेश झिरपत झिरपत तालुक्याच्या सबजेलपर्यंत जाईल, तेव्हा तिथल्या कारकुनाने त्याचा अर्थ 'जुनी रजिस्टरेही निकाली काढा' असा घेऊ नये, यासाठी हे पत्र.

झाडूकाम कुणाकडे आणि भटारखाना कुणाकडे, याचा पुरावा त्याच रकान्यात आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. त्यानंतरच्या रजिस्टरात जात, धंदा आणि कलम हे तीन रकाने एका ओळीत वाचून पाहा. त्या कायद्याखाली आलेल्या पारध्यांच्या नावापुढे फौजदारी संहितेची 109 आणि 110 ही कलमे (संशयित आणि सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तनाची हमी घेण्याची) किती वेळा येतात, हे मोजता आले तरच कायदा गेल्यावर धोरणही गेले का, ते सांगता येईल. तो रकाना खोडला की प्रश्न उरतो आणि उत्तर जाते.

मराठवाड्याची अडचण आणखी एक. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या पहिल्याच कलमात 'ब' वर्ग राज्ये, म्हणजे जुन्या मोठ्या संस्थानांची राज्ये, वगळलेली होती आणि मराठवाडा ज्यात होता ते हैदराबाद त्यांत होते. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रजिस्टरांचा साचा इथे लावून चालत नाही. निजामी काळातली नोंद उर्दूत, बहुधा शिकस्ता वळणाची (भरभर, मोडून लिहिलेली), आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचे. घोळ इथेच होतो. फसली वर्ष 6 ऑक्टोबरला, आजूर महिन्यात सुरू होई. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना 590 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे 591. समजा, एखादा सत्याग्रही आजूर 1348 मध्ये आत गेला आणि तीर (आठवा महिना) 1348 मध्ये सुटला. म्हणजे ऑक्टोबर 1938 ते मे 1939, सात महिने. दोन्हीकडे 590 मिळवले, तर माणूस अटकेआधीच सुटलेला दिसतो! केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाला साधारणपणे सहा महिन्यांचा कारावास लागे. तुरुंगाचा दाखला मिळाला नाही की सहबंद्यांची प्रमाणपत्रे गोळा करत फिरावे लागे. दप्तर जपणे हे केवळ पीएचडीवाल्यांचे काम का नाही, ते यावरून कळावे.

आता काय करावे ते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 हातात आहेच. हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह, जिल्हा कारागृहे आणि तहसिलींतली दुय्यम कारागृहे यांना एक परिपत्रक काढावे: बंदी प्रवेश, सुटका, माफी (शिक्षेतली सूट), शिक्षा, मृत्यू आणि कामवाटप ही रजिस्टरे 'अ' वर्गात, म्हणजे कायम ठेवायची, जुन्या नोंदीवर व्हाइटनर, काळी शाई, चिकटपट्टी काहीही लावायचे नाही. जातीचा रकाना फक्त नव्या छापील नमुन्यातून जाईल.

स्कॅनिंगचे कंत्राट देताना एक अट विसरू नये. या रजिस्टरातली एक ओळ समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते: डावीकडे नाव-वय-कलम, उजवीकडे काम-माफी-शेरा. पाने सुटी स्कॅन केली की ओळी जुळत नाहीत आणि एकाची शिक्षा दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून पूर्ण उघडी जोडपाने, रंगीत, निदान 300 डीपीआयवर आणि कोरी पानेसुद्धा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये तांबड्या शाईचे शेरे ओळखू येत नाहीत. कसर लागलेली पाने लॅमिनेट करू नयेत. प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. शिलाई उसवून पाने मोकळी करण्याचा मोह तर कंत्राटदाराला होणारच, कारण त्याला दर पानामागे पैसे मिळतात.

नावांचे काय? शंभर वर्षांहून जुनी रजिस्टरे खुली ठेवावीत, नंतरच्यांच्या प्रती नाव आणि गाव झाकून द्याव्यात. रकाने मात्र सगळे द्यावेत.

आणि वाचणारे. शिकस्ता सफाईने वाचणारी मंडळी मराठवाड्यात अजून आहेत, पण बहुतेक वयस्कर. त्यांना या वर्षीच मानधनावर बोलवा आणि शेजारी दोन-दोन तरुण शिकायला बसवा. स्कॅनर पुढच्या वर्षी आला तरी चालेल.

कळावे,
मराठवाड्यातील कारागृह-इतिहासाचे काही अभ्यासक