काकाला पहिल्याच भागात राक्षस करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी काय वाचावं यावर तुमच्या पुरवणीत चर्चा चाललीय, त्यात एका वाचकांनी लिहिलंय की आईबाप गेलेल्या पोरांच्या आणि त्यांचा घात करणाऱ्या काका-मामांच्या सस्पेन्स थ्रिलर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातात देऊच नयेत, नात्यांवरचा विश्वास उडतो. मला हे अजिबात पटलं नाही. शाळेत असल्यापासून मी असल्या कथा वाचतेय, आता ओटीटीवर रात्र रात्र बघते, आणि पोटापाण्यासाठी कसबा बावड्यात कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करते, त्यामुळं गोष्टीतला पालक आणि कागदावरचा पालक दोघंही मला चांगले माहितीयत. माझी तक्रार उलटी आहे, मराठीत या कथा धड लिहिल्याच जात नाहीत.

आपल्याकडं सगळं ठरलेलं असतंय. काका पहिल्या भागापासून डोळे वटारतो, दारू पितो, सोळा वर्षांच्या पुतणीचा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो की झालं, इस्टेट गेली. अहो पण अज्ञान म्हणजे अठराच्या आतल्या मुलीच्या सहीला किंमतच नाही, तिनं केलेला करार मुळातच रद्द, हे मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनच्या सर्वोच्च कोर्टानं, १९०३ सालीच सांगून ठेवलंय. आणि आईबाप गेले म्हणून काका काय आपोआप कायदेशीर पालक होत नाही, मृत्युपत्रात नाव नसेल तर १८९० च्या पालक कायद्याखाली कोर्टात अर्ज करून नेमून घ्यावं लागतं, आणि नेमला तरी आईबापाच्या नावावरचं घर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, वर कोर्ट हिशोब मागू शकतं ते वेगळंच. मग हुशार काका करेल काय? तो थांबेल. गोड वागेल. सातबाऱ्यावर पुतणीच्या नावापुढं अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता म्हणून आपलं नाव लावून घेईल, उसाचं बिल आपल्या खात्यावर घेईल, क्लासची फी भरेल, स्कूटी घेऊन देईल, चारचौघांत म्हणेल माझी तिसरी लेकच ही. आणि अठरावा वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात पेढे घेऊन तिला दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवतात त्या ऑफिसात नेईल, "बाळ, एक सही करायची आहे फक्त, घरातल्या घरातच आहे." हक्कसोडपत्र! तिथं फोटो निघतो, अंगठे होतात, ओळखीचे साक्षीदार असतात, आणि पोरगी हसत हसत सही करते कारण इतकी वर्षं तिला जेवायला याच माणसानं घातलंय. मला यापेक्षा भीतीदायक सीन सुचत नाही, आणि त्यात एक चाकू नाही की एक किंचाळी नाही.

म्हणजे या गोष्टीतलं घड्याळ वयाचं असतंय हे आमच्या लेखकांना दिसतच नाही. अठरापर्यंत व्हिलनला वाट बघावी लागते आणि मुलीला कळून घ्यायला तेवढाच वेळ असतो. दुसरं घड्याळ पुढं आहे, पालकानं परवानगी न घेता काही विकलं असेल तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसाच्या आत. एवढं आयतं सस्पेन्स सोडून आपण काकाच्या हातात पिस्तूल देतो.

बाहेरच्यांनी हे केव्हाच ओळखलंय. स्टीव्हन्सनची किडनॅप्ड ही कादंबरी १८८६ ची, त्यात सतरा वर्षांचा डेव्हिड काकाकडं जातो, काका त्याला रात्री काळोखात दिव्याशिवाय बुरुजात वर पाठवतो, पेटी आण म्हणून, आणि जिना अर्धवट बांधलेला असतो. वीज चमकते तेव्हा पोराला दिसतं की आपला पाय अगदी कडेला आहे, मग तो हातानं चाचपत एकेक पायरी चढतो आणि एका वळणावर हाताला पुढं पायरीच लागत नाही. त्या क्षणी वाचणाऱ्या मुलाला काका कोण आहे ते समजतं, भाषण द्यावं लागत नाही.

आणि आपल्याकडं काय मटेरियल कमी आहे का. नारायणराव पेशवे सहा वर्षांचे होण्याआधीच वडील गेले, १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले, जाताना धाकट्या भावाला काकाच्या हाती सोपवलं असं आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला ऐन गणपतीत शनिवारवाड्यात त्या नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या पोराला मारलं. पुढं रामशास्त्र्यांनी चौकशी करून थेट काकाकडंच बोट दाखवलं. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेली गोष्ट, पण ती आपण इतिहासाच्या पेपरात दोन मार्काला ठेवली.

पण कोल्हापूरकर म्हणून माझा जीव चौथ्या शिवाजी महाराजांच्या गोष्टीत अडकलाय. राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, मग १८७१ मध्ये आठ वर्षांचं पोर दत्तक आणून गादीवर बसवलं, कारभार मात्र इंग्रज आणि त्यांनी नेमलेल्या माणसांच्या हातात. पोरगा मोठा होईल तशी वेडाची बातमी पसरली, कारभारी माधवराव बर्व्यांवर छळाचे आरोप झाले, केसरी आणि मराठानं ते छापले, बर्व्यांनी फिर्याद केली आणि ज्या पत्रांच्या जोरावर हे सगळं लिहिलं होतं ती कोर्टात बनावट ठरली! टिळक-आगरकरांना जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीत १०१ दिवस काढले त्यांनी. आणि महाराज? २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन गेले. वय वीस. वाचवायला निघालेली माणसंच खोट्या पुराव्यानं अडकली आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तो कुलपातच राहिला, असा ट्विस्ट कुठल्या वेबसिरीजमध्ये आहे सांगा. ती पत्रं कुणी बनवली, का बनवली, एवढ्यावर दहा भाग होतील. त्या काळचा कोल्हापूरचा वाडा, रेसिडेन्सी, पुण्याहून येणारी-जाणारी टपाल, सगळं आपल्याजवळ आहे आणि आपल्याच पोरांना माहिती नाही.

आता विश्वास उडण्याचं. मी कामात बघते त्यात जीव लावून सांभाळणाऱ्या आत्या, मामा, आज्या खूप जास्त आहेत, साठीतल्या आज्या नातवासाठी पालकपणाचा अर्ज घेऊन बाकावर बसलेल्या असतात. चांगल्या थ्रिलरमध्ये असं एक माणूस लागतंच, नाहीतर पोरगी पळून जाणार कुणाकडं? मी लिहिली तर मामी घेईन, कमी बोलणारी, जिच्यावरच आधी सगळ्यांना संशय येईल. पण २०२१ मध्ये कोरोनात दोन्ही पालक गेलेली मुलं आता कॉलेजच्या वयात आलीत, राज्य सरकारनं त्यांच्या नावावर पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राच्या योजनेतले दहा लाख तेविसाव्या वर्षी हातात येतात, काहींच्या नावावर घरं-जमिनी आहेत. या मुलांना आपल्या नावावर काय आहे हे विचारायचं धाडस कोण देणार? घरात विचारलं तर कृतघ्न म्हणतात. गोष्टीतली मुलगी विचारताना दिसली तर निदान शब्द तरी मिळतील. आणि मूल जाणतं असेल तर पालक नेमताना त्याचं म्हणणं कोर्ट विचारात घेऊ शकतं हेही किती जणांना माहिती आहे? न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये पंधरा वर्षांची पोरगी एकटी बसलीय, बाहेर बाकावर काका, आणि तिला विचारलंय की तुला कुणाकडं राहायचंय. यावर एक अख्खा भाग लिहा.

तर विनंती अशी की बंदीची चर्चा थांबवून पुरवणीत अशी एक क्रमशः कथा सुरू करा, लेखकाला एखाद्या वकिलाशी आणि तलाठ्याशी बसवून द्या म्हणजे कागद चुकणार नाहीत, आणि प्रत्येक भागाखाली मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर छापा. कथास्पर्धा ठेवणार असाल तर विषय लवकर जाहीर करा, हक्कसोडपत्राच्या कथेची माझी पहिली तीन पानं टाइप करून तयार आहेत.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर