बिल हातात येण्याआधीच टीप कापली जाते, तिला ‘ऐच्छिक’ कसे म्हणायचे? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: सेल्फ सर्व्हिस हॉटेलांच्या बिलात आपोआप चढणारी टीप आणि सेवा शुल्क.

महोदय,

सविनय नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका सेल्फ सर्व्हिस हॉटेलचे याच आठवड्यातले बिल या पत्राला जोडले आहे. हॉटेलचे नाव झाकले आहे, कारण एका मालकाला धडा शिकवण्यासाठी हे पत्र नाही. बिलावर दोन मिसळ आहेत, ११० रुपयांप्रमाणे २२०. दोन ताक, १५ प्रमाणे ३०. बेरीज २५०. त्याखाली बारीक अक्षरांत ‘स्टाफ वेल्फेअर ५ टक्के’, १२ रुपये ५० पैसे. मग सीजीएसटी अडीच टक्के ६.५६, एसजीएसटी अडीच टक्के ६.५६, राउंड ऑफ ३८ पैसे, एकूण २७६.

करांच्या त्या दोन ओळी नीट पाहाव्यात. २५० वर अडीच टक्के म्हणजे ६.२५ होतात. इथे ६.५६ लागले आहेत, म्हणजे कर २६२.५० वर बसला. टीप सक्तीची, आणि त्या टिपेवर पुन्हा जीएसटी. ‘स्टाफ वेल्फेअर’ची ओळ नसती तर हेच बिल २६२.५० झाले असते.

तेरा रुपयांसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असे कोणी म्हणेल. दिवसाला अशी तीनशे बिले फाडणाऱ्या दुकानाचा हिशेब करा. साडेबारा रुपयांप्रमाणे दिवसाचे ३,७५० आणि महिन्याचे १ लाख १२ हजार ५०० रुपये होतात. दरपाटीवर या पैशांचा उल्लेख नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचे नाही, दुसऱ्या कोणत्याही नावाने घ्यायचे नाही, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे, आणि खाद्यपदार्थांच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगितीही मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च लावला. संघटना पुढे अपिलात गेल्या. वरच्या बिलात यातल्या किती गोष्टी मोडल्या आहेत ते आपल्या विभागातल्या कारकुनालाही मोजता येईल.

पण माझी खरी तक्रार पुढे आहे. या सूचना टेबलावर वाढणारे हॉटेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या दिसतात. तिथे आपण जेवतो, मग बिल येते, ते वाचतो, पटले नाही तर ‘एवढी ओळ काढा’ म्हणतो आणि मग पैसे देतो. काउंटरवर हा क्रम उलटा असतो. आधी गल्ल्यावर उभे राहून ऑर्डर सांगायची. गल्ल्यावरचा माणूस यंत्रावर पदार्थ दाबतो आणि तोंडी आकडा सांगतो, ‘दोनशे शहात्तर’. आपण स्कॅन करतो, स्पीकर पैसे आल्याचे ओरडतो, तो ‘सेटल’ दाबतो. त्यानंतर एकदम दोन कागद निघतात, एक आत स्वयंपाकघरात केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, म्हणून आणि दुसरा आपल्या हातात, टोकन नंबरासकट. बिल पहिल्यांदा दिसते तेव्हा पैसे गेलेले असतात आणि आतल्या माणसाने रश्श्याला डाव घातलेला असतो.

आता ती ओळ काढायला सांगून पाहा. सेटल झालेले बिल गल्ल्यावरच्या पोराला बदलता येत नाही. रद्द करायला मालकाचा किंवा मॅनेजरचा पासवर्ड लागतो, मॅनेजर आत किंवा बाहेर गेलेला असतो, आणि यूपीआयने आलेले पैसे परत करायचे तर दुसरा व्यवहार करावा लागतो. मागे दहा माणसे टोकनासाठी खोळंबलेली. रविवारी सकाळी साडेनऊला मिसळीच्या रांगेत बारा रुपयांसाठी वाद घालणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते कोल्हापूरकराला सांगायला नको. ही लाजच त्या पाच टक्क्यांची वसुली करते. म्हाताऱ्या माणसांना तर अजून वाटते की ‘सर्व्हिस’ लिहिलेले काहीही असले तर ते सरकारच्याच तिजोरीत जाते. सेवा कर १ जुलै २०१७ ला संपला, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलेच नाही.

यंत्रात हे कसे होते तेही लिहितो, म्हणजे ‘चुकून झाले’ हे उत्तर कोणी देऊ नये. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेवा शुल्काचा एक रकाना असतो. त्यात साधारण चार गोष्टी ठरवता येतात: टक्केवारी, ऑर्डरचा प्रकार, करपात्र आहे की नाही, आणि छापायचे नाव. ऑर्डरच्या प्रकारात डाइन इन, पार्सल, काउंटर असे पर्याय असतात आणि प्रत्येकाला वेगळी खूण करता येते. म्हणजे काउंटरच्या बिलाला शुल्क लागले तर कोणीतरी ती खूण करून ठेवलेली असते. २०२२ नंतर काही ठिकाणी एवढेच झाले की छापायचे नाव बदलले, ‘सर्व्हिस चार्ज’चे ‘स्टाफ वेल्फेअर’ झाले, आणि रकाना तसाच चालू राहिला. करपात्रची खूणही राहिली. म्हणून टिपेवर जीएसटी येतो.

दुसरा प्रकार टॅब्लेटचा. ताराबाई पार्क, राजारामपुरीकडच्या नव्या कॅफेत स्क्रीन आपल्याकडे वळवतात. त्यावर २०, ३०, ५० अशी टिपेची बटणे, मधले आधीच निवडलेले, आणि ‘नको’ हा शब्द खाली फिक्या करड्या अक्षरांत. समोर कॉफी बनवणारी मुलगी आपल्याकडे बघत उभी. क्यूआरही त्या यंत्रावरच तयार होतो, रक्कम आत भरूनच येते. दुकानाच्या छापील क्यूआरवर निदान आकडा आपण टाकतो, इथे तोही हक्क गेला. न मागितलेली रक्कम शेवटच्या पायरीवर टोपलीत सरकवणे, याला प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक सूचनांत ‘बास्केट स्नीकिंग’ म्हटले आहे. तेरा फसव्या पद्धतींच्या यादीत ती आहे. टॅक्सीच्या अ‍ॅपवर गाडी येण्याआधीच टीप मागितली म्हणून मे २०२५ मध्ये प्राधिकरणाने नोटीसही काढली. मोबाइलवर जे चुकीचे, ते गल्ल्यावरच्या स्क्रीनवर बरोबर कसे?

आणि सेवा तरी कोणती? ताट आपण उचलायचे, पाणी कूलरवरून आपण भरायचे, जागा आपण शोधायची, खरकटे आपण टोपात टाकायचे. ज्या गावात गंगावेशीला म्हशीची धार समोर काढून दुधाचा ग्लास हातात देतात, जिथे मिसळीला कट संपला तर न विचारता वाढतात आणि जादा ब्रेडचे तेवढे पैसे घेतात, त्या गावाला धंद्याचा सरळ हिशेब नवा नाही. दर पाटीवर, पैसे दरानुसार. खूश झालेले गिऱ्हाईक बडीशेपेच्या वाटीत दहाची नोट ठेवते, ती टीप. तिला कोणाची ना नाही.

त्या नोटेचे काय होते आणि यंत्रातल्या पाच टक्क्यांचे काय होते, यात मोठा फरक आहे. वाटीतली नोट संध्याकाळी टेबल पुसणारा, भांडी घासणाऱ्या मावशी आणि भट्टीवरचा माणूस यांच्यात निदान डोळ्यांदेखत वाटली जाते. बिलातले पैसे मालकाच्या चालू खात्यात जातात. वेगळी नोंद ठेवली नाही तर ते विक्रीतच मिसळून जातात आणि कामगाराला किती आले हे विचारायला कागदच राहत नाही. ‘स्टाफ’च्या नावाने पैसे घेतले असतील तर स्टाफच्या सहीचे वाटपपत्रक दाखवा, एवढी मागणी कोणीही निरीक्षक करू शकतो. पत्रक नसेल तर ते पैसे कोणाचे हे उघड आहे.

मालकांची अडचण मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर बदलता, तेल महाग, माणसे टिकत नाहीत. मग मिसळ ११० ची ११६ करा आणि पाटीवर लिहा. गिऱ्हाईक पाटी वाचेल आणि ठरवेल. पगार वाढवण्याचा भार ग्राहकाच्या दयेवर टाकणे हा कामगाराचाही अपमान आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः चहाला जात, कारण अस्पृश्यता मोडावी आणि त्या माणसाने ताठ मानेने धंदा करावा असे त्यांना वाटत होते. त्याच गावात आज दिवसभर राबणाऱ्या माणसाचा पगार दुसऱ्याच्या बिलातल्या बारीक अक्षरांतून काढला जातो.

महोदय, आता मागण्या.

प्राधिकरण दिल्लीत आहे हे उत्तर देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी अशा तक्रारींची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ती सुरू करावी, अशी आपण लेखी विनंती करा. वैधमापन निरीक्षक तर आपल्याच विभागाचे. वजनकाटा तपासायला जातील तेव्हा एक नमुना बिल काढून बघायला त्यांना दोन मिनिटे लागतील. गल्ल्यावर ग्राहकाकडे तोंड असलेली स्क्रीन हवी, आणि पैसे घेण्याआधी तिच्यावर प्रत्येक ओळ मराठीत दिसली पाहिजे. काउंटर आणि पार्सलच्या बिलांना सेवा शुल्काचा रकाना बंदच असावा, ग्राहकाने सांगून काढण्याची वेळ येऊ नये. टॅब्लेटवर टीप ठेवायचीच असेल तर आधी निवडलेले बटण नको, आणि ‘नको’ हा शब्द बाकीच्या बटणांएवढाच मोठा हवा.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट पाहावी. काही छोटी हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर मालकाने स्वतः भरायचा. त्यांना ग्राहकाकडून कर वसूल करता येत नाही आणि तसे बिलावर छापावे लागते. बिलावरचा २७ ने सुरू होणारा, अंक आणि अक्षरे मिळून पंधरा खुणांचा जीएसटी नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की करदाता नियमित आहे की कंपोझिशनमधला ते लगेच कळते. कंपोझिशनवाला अडीच-अडीच टक्के लावत असेल तर तो थेट खिसा कापतो आहे.

जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्यात असे कायदा सांगतो. त्यांचे इतिवृत्त सामान्य माणसाला सहज वाचायला मिळेल असे कुठे लावले जाते? २४ डिसेंबरला ग्राहक दिनाचे फलक लागतात, भाषणे होतात, आणि २५ तारखेला गल्ल्यावरचे यंत्र तसेच चालू असते. कोणी म्हणेल, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करा. करतोच. तिथे तक्रार नोंदवतात, दुकानाला कळवतात, दुकान एका ग्राहकाचे बारा रुपये परत करते आणि यंत्रातली खूण तशीच राहते. तक्रार निकाली, वसुली चालू.

आणि हे फक्त हॉटेलचे नाही, म्हणून राग येतो. दाखल्याचा सरकारी दर भिंतीवर एक आणि हातातून जाणारे पैसे दुसरे. शाळेत ‘ऐच्छिक’ निधी, पावतीशिवाय प्रवेशाचे पान पुढे सरकत नाही. कर्जाबरोबर ‘ऐच्छिक’ विमा. सरकारी संकेतस्थळावर तिकीट काढले तरी सुविधा शुल्क. या राज्यात ऐच्छिक या शब्दाचा अर्थ आम्ही भोगून शिकलो आहोत: ज्याला नाही म्हणायला वेळ नाही, त्याच्याकडून घ्यायचे पैसे. सरकारने स्वतःच हे चालू ठेवल्यावर गल्ल्यावरचा मालक कोणाला घाबरेल?

जोडलेले बिल थर्मल कागदावरचे आहे. काही महिन्यांत त्यावरची अक्षरे उडतील, म्हणून झेरॉक्सही जोडली आहे. चौकशी करायची असेल तर त्याआधी करावी.

आपला,
एक कोल्हापूरकर ग्राहक