आई-बाबांना, नव्या फ्रीझरबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. आडव्या, वरून झाकण उघडणाऱ्या फ्रीझरबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. थंड हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती आत बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती खालून वाहून जाते. आडवा वीजही सहसा कमी खातो. हे सगळं मान्य करूनही मी म्हणते, तो घेऊ नका.

त्याच्या तळाशी गेलेली वस्तू काढायची तर आधी वरच्या गोठलेल्या, जड पिशव्या उचलून बाजूला ठेवायच्या, मग कंबरेतून पार आत वाकायचं. आईचा उजवा खांदा आधीच दुखतो. आज तुम्ही दोघं मिळून ते निभावून न्याल, पण अशी यंत्रं दहा-पंधरा वर्षं सहज चालतात. तेव्हाच्या कंबरेला आणि गुडघ्यांना काय झेपेल, ते बघून आज घ्यायला हवं. आणि ज्या वस्तूपर्यंत हात पोचत नाही ती विसरली जाते. वर्षानंतर सापडते आणि टाकून द्यावी लागते.

म्हणून उभा घ्या, ओढून बाहेर येणाऱ्या बंद खणांचा. खण बंद असले की दार उघडल्यावर गारवाही तितका निसटत नाही. शंभर लिटरच्या आसपासचा तुम्हा दोघांना पुरे. त्याहून मोठा घेतलात तर तो भरायचा म्हणून भरला जाईल.

दुकानात गेलात की तारे नीट बघा. ताऱ्यांच्या खुणा दोन असतात आणि त्यांची गल्लत होते. विजेच्या बचतीचे तारे वेगळे, गोठवण्याच्या क्षमतेचे वेगळे. गोठवण्याचा एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा तारा असेल तर तो फ्रीझर ताजी वस्तूसुद्धा नीट गोठवू शकतो. आपल्याला चारच हवेत. दुसरं, फ्रीझरच्या माहितीच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' वर्गाचा फ्रीझर भोवतालच्या ३२ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असतो, 'एसटी' ३८ पर्यंत आणि 'टी' ४३ पर्यंत. तुम्ही तो मागच्या बंद खोलीत ठेवणार आहात, तिथे उन्हाळ्यात किती तापतं हे लक्षात घेऊनच वर्ग ठरवा.

फ्रॉस्ट-फ्रीच घ्या. त्यात पंखा असतो आणि ठरावीक वेळाने छोटा हीटर लागून गारव्याच्या नळ्यांवरचा बर्फ आपोआप वितळतो. वीज थोडी जास्त जाते, अन्नही थोडं लवकर कोरडं पडतं, पण बर्फ काढायचं काम तुमच्या मागे लागत नाही. यावरून आठवलं, सध्याच्या फ्रिजमधला बर्फ बाबा सुरीच्या टोकाने खरवडतात, ते कृपा करून थांबवा. त्या पातळ पत्र्यामागेच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की फ्रिज गेलाच, आणि आजकालच्या बऱ्याच यंत्रांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा वायू आहे. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा झाला की फ्रिज बंद करायचा, दार उघडं ठेवायचं, आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि वाट बघायची. बर्फ स्वतः सुटून येतो.

आता वापराचं, कारण खरी मेख तिथे आहे. वस्तू जितकी लवकर गोठते तितकी ती चांगली राहते. सावकाश गोठलं की पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात, म्हणून काही भाज्या बाहेर काढल्यावर गळून लगदा होतात. मोठा डबा भरून ठेवला तर त्याचा मधला भाग गोठायला फार वेळ लागतो. आई, तू डबे भरून ठेवू नकोस. शिजवलेलं अन्न उथळ भांड्यात पसरून लवकर निवव, दोन तासांच्या आत. मग एका वेळेला दोघांना पुरेल एवढं जाड पिशवीत घाल, हात फिरवून हवा काढून टाक आणि पिशवी ताटात आडवी, बोटभर जाडीची पसरून ठेव. कडक झाली की त्या पिशव्या खणात पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात, कुठली काय ते वरून दिसतं आणि बाहेर काढल्यावर वितळतातही लवकर. नाव आणि तारीख मात्र पिशवी भरायच्या आधी लिही. ओल्या, गार प्लास्टिकवर पेन चालत नाही. पातळ पदार्थ काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरू नकोस. गोठताना पाणी साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि काच तडकते.

हवा काढण्यावर मी एवढा जोर देते कारण बर्फ कोरड्या हवेत वितळल्याशिवायच उडून जातो. पिशवीत हवा राहिली की अन्नावर पांढुरके, कोरडे चट्टे पडतात. खाल्लं तर अपाय नाही, पण चव जाते. हिरव्या भाज्या गोठवायच्या आधी उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात काढायच्या, मटारला दीड-दोन मिनिटं पुरतात. नाहीतर भाजीतली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, गारठ्यातही हळूहळू काम करत राहतात, रंग आणि चव उतरते. अशा भाज्या आठ-दहा महिने छान राहतात. शिजवलेलं अन्न दोन-तीन महिन्यांत संपवावं.

आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. गोठलेली वस्तू ओट्यावर ठेवून वितळवायची नाही. आदल्या रात्री नेहमीच्या फ्रिजमध्ये काढून ठेव. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये वितळव आणि लगेच शिजव.

वीज गेली तर पहिला नियम, दार उघडून बघायचं नाही. भरलेला फ्रीझर बंद दाराने साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. तुम्ही बाहेरगावी असताना काय झालं ते कळायला एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळलं होतं. ज्यात अजून बर्फाचे कण आहेत ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त वेळ फ्रिजइतकं गार न राहिलेलं मात्र टाकायचं. आई, तुझ्या जिवावर येईल ते मला माहीत आहे. पण वास बरा येतोय म्हणजे अन्न बरं आहे असं नसतं, आणि या वयात पोट बिघडणं साधं नसतं.

बाबा, तुमचं इन्सुलिन चुकूनही फ्रीझरमध्ये किंवा फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याला लागून जाऊ देऊ नका. न उघडलेल्या बाटल्यांची जागा २ ते ८ अंशांत. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही, मग ते दिसायला कितीही ठीक असो.

देखभाल फारशी नाही. दाराच्या फटीत कागद धरून दार लावा; कागद सहज ओढून निघाला तर तिथलं रबर सैल झालंय. रबर साबणाच्या पाण्याने पुसत जा, चिकटपणा साचला की ते फाटतं. मागे वारा खेळायला जागा सोडा आणि मागच्या जाळीवरची धूळ वर्षातून एक-दोनदा काढा, तेही प्लग काढून. एक्स्टेंशनची वायर नको, थेट भिंतीतल्या प्लगला लावा. फ्रीझर आडवा झोपवून आणला असेल तर एक दिवस उभा ठेवून मगच चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येतं. आत एक छोटा थर्मामीटर ठेवा. बटणावरच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. उणे १८ असलं की झालं.

आई, फ्रीझर आल्यावर आठवडाभराचं एका दिवसात करून ठेवायचा घाट घालू नकोस. एकाच वेळी खूप ताजं घातलं तर आतलं आधीचं अन्नही गरम होतं, शंभर लिटरला दिवसाकाठी तीन-चार किलोच्या वर नको. रोजचा स्वयंपाक करताना थोडं जास्त केलंस, एक पिशवी बाजूला काढलीस, एवढंच कर. ज्या दिवशी उभं राहवणार नाही त्या दिवशी ती पिशवी काढून तू बसायचंस. मी लांब आहे, त्या दिवशी येऊन करून घालू शकत नाही, म्हणून या यंत्राचा एवढा हट्ट.

बाबा, मागच्या खोलीच्या दाराची रुंदी आणि प्लगपासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून कळवा. आईला खांदा न उचलता हात किती उंचीपर्यंत नेता येतो तेही भिंतीवर खूण करून मोजा. रोजच्या वापराचा खण त्याच्या खाली यायला हवा, त्यावरूनच मी मॉडेल ठरवते.

तुमची,
मनू