वाक्याचा शेवट गिळायचा नाही: आमच्या नाटकाच्या बाईंना जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. बक्षीस समारंभात तुमचं नाव पुकारलं की तुम्हाला नेमकं तेव्हाच पडद्यामागे काहीतरी आवरायचं असायचं. तरीही सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हे तुमच्यापेक्षाही इतर काही जणांनी वाचायला हवंय. माझी भाची यंदा नववीत आहे. तिच्या शाळेच्या पालकसभेत (शाळा वेगळी, गावही वेगळं) स्नेहसंमेलनातलं नाटक बंद करा अशी मागणी झाली. पुढच्या वर्षी दहावी, तालमीत महिना वाया जातो, वगैरे. त्यावर एका पालकांनी नाटकाची बाजू घेतली. म्हणाले, "असू द्या हो, सभाधीटपणा येतो, पर्सनॅलिटी डेव्हलप होते." मला विरोध करणाऱ्यांपेक्षा या बाजू घेणाऱ्यांचंच जास्त वाईट वाटलं. सभाधीटपणा काय, लग्नात माईक हातात आलेल्या प्रत्येक मामाकडे असतो! तुम्ही आम्हाला दिलंत ते वेगळं होतं, आणि ते नेमकं काय होतं हे नर्सिंगच्या नोकरीत शिरल्यावर मला कळायला लागलं.

आधी वक्तृत्वाचं सांगते. आमच्या कन्याशाळेत तुमच्या आधी वक्तृत्व म्हणजे पाठांतर होतं. भाषण वडील किंवा काका लिहून देणार, मुलगी ते घोकणार, ठरल्या जागी मूठ आपटणार आणि ठरल्या जागी शेर म्हणणार. तुम्ही आलात आणि पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टींवर बंदी घातलीत. सुरुवातीचं "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" बंद. शेवटचं "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" बंद. आमची अवस्था कुबड्या काढून घेतल्यासारखी झाली. मग बोलायचं तरी काय? तुम्ही म्हणालात, पहिलं वाक्य तू स्वतः बघितलेल्या गोष्टीचं असलं पाहिजे. खोक्यातल्या चिठ्ठ्यांवरचे विषयही तसेच: गल्लीतला नळ, ऊसतोडीच्या टोळीतली मुलं, एसटीतली खिडकीची जागा. "मोबाईल: शाप की वरदान" मात्र तुमच्या खोक्यातून कधी निघाला नाही, त्याबद्दल वेगळे आभार.

वादविवादात तर तुम्ही छळच मांडला होता. बाजू ठरवून तयारी करून यायचं आणि उभं राहिल्यावर तुम्ही सांगणार, "आता उलट्या बाजूनं बोल." सुरुवातीला रडकुंडीला यायचो. हळूहळू असं झालं की घरी तयारी करतानाच समोरचीचे मुद्दे आपल्यापेक्षा नीट लिहून काढायला लागलो. बोलण्याच्या तासाला आम्ही सगळ्यात जास्त काय शिकलो असू, तर ऐकायला.

आता ते वाक्याच्या शेवटाचं. तालमीत तुम्ही सभागृहाच्या पार मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायचात आणि तिथून ओरडायचात, "शेवट गिळला! परत!" श्वास पोटातून घ्यायचा, खांदे उचलायचे नाहीत, वाक्य संपेपर्यंत हवा पुरवायची. आम्ही कंटाळायचो. एकदा कोणीतरी वैतागून विचारलं की शेवटच्या एका शब्दाचं एवढं काय. तेव्हा तुम्ही फळ्यावर लिहिलंत: "मी त्याला मारलं" आणि त्याखाली "मी त्याला मारलं नाही". म्हणालात, "मराठीत खून झाला की नाही हे वाक्याच्या शेवटी कळतं. तुम्ही नेमका तोच शेवट गिळता."

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, आजूबाजूची गावं पाण्यानं वेढली. आमची ड्युटी एका शाळेतल्या निवारा केंद्रात लागली होती. वीज गेलेली, त्यामुळे माईक नाही. सभागृह माणसांनी गच्च भरलेलं, पोरं रडतायत, कोणी जनावरांच्या काळजीनं भांडतंय, कोणाची म्हातारी अजून गावातच अडकलेली. पुराच्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) धोका असतो, म्हणून डॉक्सीसायक्लिन द्यायचं होतं. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर उलट्या होतात आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. म्हणजे सांगायच्या दोन्ही महत्त्वाच्या गोष्टी "नाही"वर संपणाऱ्या. माझ्याआधी एका सहकाऱ्यानं सांगून बघितलं होतं. मी मागच्या भिंतीपाशी होते, मला ऐकू आलं ते एवढंच, "गोळी रिकाम्या पोटी घ्यायची..." आणि पुढे गलका.

मी बाकावर चढले. ओरडले नाही. एका जागी उभी राहून सभागृहाच्या शेवटच्या भिंतीकडे बघितलं आणि थांबले. तुमचा तो पॉज. तुम्ही म्हणायचात, गोंगाटावर आवाज चढवलास तर तूही गोंगाटच होतेस. थांब, लोक तुझ्या गप्प बसण्याकडे बघतात. खरंच पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. मग सांगितलं: "ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. आधी दोन घास खा, मग गोळी, वर भरपूर पाणी. आणि जी बाई पोटुशी आहे, तिनं ही गोळी घ्यायची नाही. तिनं आधी माझ्याकडं यायचं." मागच्या भिंतीजवळच्या एका आजोबांना परत म्हणून दाखवायला लावलं. त्यांनी "नाही"सकट म्हणून दाखवलं. दोन बायका उठून माझ्याकडे आल्या.

हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत माझ्याहून कितीतरी जास्त काम केलेली माणसं तिथं होती. पण तालमीत महिना वाया जातो म्हणणाऱ्यांना सांगायला माझ्याकडे याहून सरळ हिशेब नाही.

वॉर्डात रोजचं तेच चालतं, फक्त पूर नसतो. पाळी बदलताना आम्ही एकमेकींना पेशंट सोपवतो. कुणाला काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कुणाची लघवी कमी झाली. समोरची बोलत असताना आपण पुढच्या कामाचा विचार करत राहिलो, तर त्यात काहीतरी निसटतं. नाटकात तुम्ही हेच पकडायचात. आपलं वाक्य कधी येतंय म्हणून टपून बसलेली मुलगी तुम्हाला लगेच दिसायची. "तू ऐकत नाहीस, तू रांगेत उभी आहेस," असं म्हणायचात. मग मुद्दाम दुसरीला वाक्य बदलून बोलायला सांगायचात, आणि पाठ केलेलीची बरोबर फजिती व्हायची.

आणखी एक गोष्ट इथल्या डॉक्टरांकडून कळली. 2019 पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलायचं कसं हेही शिकवायचं ठरलं आहे, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना पेशंट, नातेवाईक अशा भूमिका करायला लावतात. ऐकून मला हसू आलं. आम्ही हे नववीत केलं होतं, तेही परीक्षेशिवाय.

आता 'शारदा'. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, त्यांचं 1899 चं नाटक, पैशांसाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाला पोटची पोर द्यायला निघालेला कांचनभट. तुम्ही त्यातले दोनच प्रवेश बसवलेत. मुलींच्या शाळेत पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करणार. एकेकाळी याच रंगभूमीवर पुरुष नऊवारी नेसून उभे राहायचे, आम्ही धोतराचे सोगे सांभाळत होतो आणि घामानं सुटणाऱ्या मिशा एका हातानं दाबत होतो. कांचनभट करणारी आमची मैत्रीण त्याला खलनायकासारखा खेळत होती. डोळे वटारून, दात-ओठ खाऊन. तुम्ही तालीम थांबवलीत आणि तिला सांगितलंत की उद्या कांचनभटाच्या बाजूनं पाच मिनिटं बोलायचं, तो स्वतःला काय समजावत असेल ते. दुसऱ्या दिवशी ती बोलली आणि आम्हाला हुडहुडी भरली, कारण तसं बोलणारी माणसं आमच्या ओळखीची होती. त्या भाषणानंतर तिचा कांचनभट एकदम साधा, घरगुती झाला. आणि म्हणून जास्त भीतीदायक.

त्याच आठवड्यात तुम्ही कायद्याचंही सांगितलंत. 1929 चा शारदा कायदा, म्हणजे बालविवाह रोखणारा कायदा, या नाटकातल्या शारदेवरून आला असं बरेच जण समजतात. तो आला त्याचं विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या नावावरून. त्यात मुलीचं लग्नाचं किमान वय होतं 14 आणि मुलाचं 18. "तुमचं आत्ताचं वय किती?" एवढंच विचारून तुम्ही गप्प बसलात. वर्गातल्या बहुतेकींना चौदावं संपलेलं होतं. म्हणजे त्या कायद्यानं आमची लग्नं चालली असती. आता मर्यादा 18 आणि 21 आहे, तरी प्रसूतीच्या वॉर्डात एखादी अशी येते की तिच्या कागदावरचं वय बघून हात थबकतो. सोबत बाप असतो. त्याच्याशी बोलावं लागतं, आणि ते मला जमतं, कारण कांचनभटाची बाजू समजून घेणं म्हणजे त्याला बरोबर म्हणणं नव्हे, हे माझं तेव्हाच शिकून झालं होतं. त्याला आधी बोलू देते. पोलिसांना कळवायचं ते कळवतेच.

भाषेचंही आठवतं. आमच्यातल्या निम्म्या जणी "पानी" म्हणणाऱ्या, "काय करायलीस" म्हणणाऱ्या. आधीच्या वर्गांत यावर हशा व्हायचा, आणि हशा झाला की ती मुलगी वर्षभर तोंड उघडायची नाही. तुम्ही त्याच मुलींना ग्रामीण भूमिका दिल्या आणि शहरी मुलींना त्यांच्याकडून बोलणं शिकायला बसवलंत. मग उलटही केलंत: भाषणासाठी ण आणि न, श आणि ष घोटून घेतलेत, कोणालाही सूट नाही. "दोन्ही आलं पाहिजे, कुठं काय वापरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." आज साहेबांपुढे अहवाल एका भाषेत सांगते आणि खाटेवरच्या आजीला "मावशे, कुठं दुकतंय गं?" असं विचारते. आजी लगेच मोकळी बोलते, दोन दिवस दडवलेलं दुखणंही सांगते.

खरं सांगायचं तर नाटकानं माझं गणित सुधारलं नाही. तसा दावा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. सगळ्याच मुली रंगमंचावर खुलल्या असंही नाही. एकीला उजेडात उभं राहायचंच नव्हतं. तिला तुम्ही प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेली वाक्यं आडून सांगायला, बसवलंत आणि नंतर नेपथ्य दिलंत. खिळे ठोकणारी, फ्लॅट (देखाव्याच्या चौकटी) उभे करणारी, प्रयोगाआधी सगळ्या वस्तू यादीनुसार टेबलावर मांडणारी. तिसरी घंटा तिच्या परवानगीशिवाय होत नसे. तिचं तुम्ही कधी "धीट हो" म्हणून डोकं खाल्लं नाहीत, हे फार बरं केलंत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर अशी भिंत नको, असं लिहिलेलं आहे. कागदावर ठीक. शाळेत मात्र नाटकाचा तास हाच गणिताच्या जादा तासाला सगळ्यात आधी बळी जातो. शिवाय या वयासाठी संहिताही कमी. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनीही मुलांसाठी भरपूर लिहिलं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना राजकन्या-राक्षस लहान वाटतात आणि मोठ्यांची नाटकं अजून अंगाला सैल होतात. मतकरींनीच पुढे ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, तिथं वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातून नाटिका करायला लागली. तुम्ही आमच्याकडून करून घेतलेली नळाच्या रांगेवरची नाटिका त्याच जातीची होती. संहिता नाही, फक्त प्रसंग. संवाद आम्ही तालमीत शोधले. माझ्या भाचीच्या शाळेला मी तेच सुचवलं आहे. त्यांनी "बघू" म्हटलंय. नाटक तूर्त तरी रद्द झालेलं नाही.

तर बाई, तुमचे मनापासून आभार. पोटातल्या श्वासाचे, त्या पॉजचे, कांचनभटाच्या पाच मिनिटांचे, आणि शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत आमच्यासाठी थांबलात त्या सगळ्या संध्याकाळांचेही. तेव्हा एकेकीला घरापर्यंत सोडून मग तुम्ही शेवटची एसटी पकडायचात. त्याबद्दल तुमच्या घरी काय बोललं जायचं, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

कपड्यांच्या पेटीतली धोतरं आता जीर्ण झाली असतील आणि मिशा उंदरांनी नेल्या असतील. आमच्या बॅचच्या काही जणी नव्या धोतरांची आणि फेट्यांची सोय करणार आहोत. नेपथ्यवाली म्हणते, फ्लॅटची चौकट ती स्वतः येऊन दुरुस्त करेल, हातोडी तिची. 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, माझी रात्रपाळी आहे; तो दिवस सोडून कुठलाही सांगा. तालमीची वेळ कळवा, म्हणजे तुमच्या मुलींच्या मध्ये न येता काम उरकता येईल.

तुमची विद्यार्थिनी,
दुसऱ्या रांगेतली प्रॉम्प्टर, नंतरचा भुजंगनाथ