नाना, त्या माणसाच्या हातात एक रुपयाही देऊ नका

ति. नाना आणि आईस साष्टांग नमस्कार,

पत्र व्हॉट्सॲपवर टाकतोय, पुतण्या वाचून दाखवेल. फोनवर हे बोलणं होतच नाही, आई रडायला लागते आणि नाना तुम्ही "बरं बरं" करून फोन ठेवून देता, मग मला कळतच नाही की माझ्याकडून काय समजलं आणि पारावरून काय समजलं. बाळा, सावकाश वाच, आणि आजोबा मधेच "पुरे" म्हणाले तरी शेवटपर्यंत वाच.

आधी कामाचं. परवा जो माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला तो कोर्टाचा नव्हे. ज्याच्या मालाचे पैसे माझ्याकडे थकले आणि ज्याच्या दाव्यात माझी पिकअप जप्त झाली, त्या जळगावच्या होलसेलवाल्याचा तो वसुलीचा माणूस. पन्नास हजार रोख द्या, पोराची गाडी उद्या दारात उभी करतो असं तो म्हणाला आणि तुम्ही म्हैस विकायचा विचार करून त्याला बाजाराच्या दिवसापर्यंत थांब म्हटलं, हे मला वहिनीकडून समजलं. नाना, म्हैस विकायची नाही. आई, पोत मोडायची नाही, गहाणही ठेवायची नाही. आणि त्या माणसाच्या हातात एक रुपयाही द्यायचा नाही.

का ते सांगतो. गाडी त्याच्या मालकाकडे नाहीच. ती अमळनेरच्या कोर्टाच्या ताब्यात आहे, कोर्टाचा हुकूम निघाल्याशिवाय ती त्याच्या बापालाही सोडवता येणार नाही, मग उद्या दारात कुठून उभी करणार? दुसरं म्हणजे रोख दिलेले पैसे. हुकूमनाम्याचे, म्हणजे कोर्टाने दाव्यात द्यायला लावलेले, पैसे एकतर कोर्टात भरायचे नाहीतर बँकेतून किंवा लेखी पुरावा राहील असे द्यायचे, आणि कोर्टाबाहेर दिले असतील तर त्याची कोर्टात नोंद करून घ्यावी लागते, आपल्याला त्यासाठी 30 दिवस असतात. नोंद नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, चालवणारं कोर्ट ते पैसे धरतच नाही. म्हणजे तुम्ही म्हैस विकून पन्नास हजार द्याल, तो खिशात घालेल, आणि मला पुन्हा पूर्ण रक्कम भरावी लागेल. वकीलसाहेबांनी अशी प्रकरणं पाहिलीत, ते तर म्हणाले की वडिलांना आजच सांगा, उद्यावर टाकू नका.

आता गाडीचं. गावात कोणी म्हणतंय फायनान्सवाल्यांनी ओढली, कोणी म्हणतंय पोलीस घेऊन गेले. पारावर तर "पोऱ्यानी गाडी लई गयात", पोराची गाडी घेऊन गेले, एवढंच सुरू आहे म्हणे, कोणी नेली आणि कशासाठी नेली याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. फायनान्सचे हप्ते मागेच फिटले, एनओसी आणून फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजाही काढून घेतला होता. गंमत बघा, गाडी कर्जमुक्त झाली म्हणूनच ती यांना सरळ धरता आली, बोजा असता तर आधी फायनान्स कंपनीचा हक्क मधे आला असता.

नेली ती बेलीफने, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाने. दुपारची वेळ, मी दुकानात लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, बंडल मोजून देत होतो, तेव्हा बेलीफ, बरोबर होलसेलवाल्याचा दिवाणजी आणि दोन पंच असे आले. आरडाओरडा काही नाही. बेलीफने ओळखपत्र दाखवलं, वॉरंट दाखवलं, मी म्हटलं वाचू द्या तर म्हणाला वाचा ना निवांत. त्यावर कोर्टाचा गोल शिक्का, सही, आणि कुठल्या तारखेपर्यंत बजावून परत करायचं ती तारीख. मग त्याने विचारलं, रक्कम आत्ता भरता का, भरली तर जप्ती करत नाही. तीन लाख बारा हजार दुपारी दोन वाजता गल्ल्यात कुणाच्या असतात? मग पिकअपची यादी सुरू झाली. स्टेपनी एक, जॅक एक, टॉमी एक, ताडपत्री जुनी, बॅटरी कुठल्या कंपनीची, मीटरला किती किलोमीटर, मागच्या फाळक्याला डावीकडे पोचा. तो पोचा आपल्या विहिरीजवळच्या बांधाचा, नाना, तुम्हीच मागे घे मागे घे म्हणत होता. ड्रॉवर उघडून त्याने आईच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि माझी डायरी माझ्या हातात दिली, हे गाडीचं नाही म्हणाला. सगळं लिहून पंचांच्या सह्या, माझी सही, यादीची नक्कल मला. मग गाडी कोर्टाच्या आवारात. लोक बघत होते, समोरचा गॅरेजवाला तर हातातलं काम टाकून बघत होता, पण खरं सांगू, शिवी नाही, धक्का नाही. सरकारी माणूस म्हणून आला, कामाचं बोलला आणि गेला. मला राग आला तो त्या दिवाणजीचा, सगळा वेळ फोनवर हसत होता.

देणं खोटं नाही. माल मी घेतला, विकला, पैसे अडकले. कसे ते तुम्हाला माहितीये तरी सांगतो, कारण मामा म्हणतात पोराने उडवले. ठिबकवर शेतकऱ्याला अनुदान मिळतं, लहान शेतकऱ्याला 55 टक्के, बाकीच्यांना 45, वर राज्य सरकारची भर घालून 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जातं. कागदावर मस्त आहे. पण अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, मग निवड, पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने आधी संच बसवायचा, बिल अपलोड करायचं, शेतावर येऊन मोका तपासणी, आणि मग कधीतरी पैसे शेतकऱ्याच्या खात्यात, माझ्या नव्हे. शेतकऱ्याकडे आधी पूर्ण पैसे भरायला असतात का? नसतात. मग तो त्याचा हिस्सा देतो आणि बाकीचं अनुदान आलं की देतो म्हणतो, आणि आमच्या धंद्यात सगळे असंच देतात, नाही दिलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. अनुदान लांबलं की मधे मी. होलसेलवाला थांबायला तयार नाही, त्यालाही कंपनीला भरायचंय. त्याने जळगावच्या कोर्टात दावा लावला, मी तिथे जाऊन देणं नाकारलं नाही, फक्त मुदत मागितली. हुकूमनामा झाला, वर्षाला 9 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च. गाडी-दुकान अमळनेरला म्हणून मग त्यांनी तो इकडच्या कोर्टात बदलून आणून दरखास्त लावली.

माझी येणी लोकांकडे आहेत, डायरीत आहेत. चोपडा रोडचे एक आबा आहेत, अनुदान जमा झालं त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर येऊन पैसे मोजून गेले, पाणी सुद्धा प्यायले नाहीत. आणि एक आपल्याच नात्यातले, नाव लिहित नाही कारण पोरगा वाचतोय, त्यांचं अनुदान केव्हाच आलं, नवी मोटरसायकल आली, आणि मी दिसलो की रस्ता बदलतात. वकील म्हणतात त्यांच्यावर लावा दावा, तीन वर्षांची मुदत असते, ती उलटू देऊ नका. मन होत नाही. पण होलसेलवाल्यालाही माझ्याबाबत मन झालं नसेल का, असं रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं. बघू, निदान नोटीस तरी पाठवतोय.

आता तुमची भीती. तो माणूस म्हणाला ना की पुढच्या खेपेला बैलजोडी सोडून नेऊ, शेतावर बोजा चढवू. साफ खोटं. नाना, हे कर्ज माझं आहे, तुम्ही कुठे जामीन नाही, सही नाही. शेत तुम्ही स्वतः खरेदी केलेलं, खरेदीखत तुमच्या नावाचं, सातबाऱ्यावर माझं नाव नाही. वडिलोपार्जित जमीन असती तर माझ्या हिश्शापुरतं त्यांना काही करता आलं असतं, म्हणून वकिलांनी मला दोनदोनदा विचारलं. बैलांचं तर असं आहे की शेतकरी स्वतः कर्जदार असला तरी त्याची कसायची अवजारं, पोटापाण्यापुरती बैलं आणि बियाणं कोर्टाला जप्त करता येत नाही, 1908 च्या दिवाणी कायद्यातच लिहिलंय. मग ज्याचं कर्जच नाही त्याची बैलं कोण नेतो? पोळ्याला निवांत सजवा.

आणि आई, तू सुनेला फोन करून भांडी शेजारी ठेवून दे म्हणालीस, ती घाबरून गेली बिचारी. घरातली स्वयंपाकाची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण नेता येत नाही. बाईच्या अंगावरचा जो दागिना धर्माप्रमाणे काढायचा नसतो तोही नाही, म्हणजे मंगळसूत्र. सूर्य मावळल्यावर घरात शिरताही येत नाही. सुताराचा रंधा धरता येत नाही, पण व्यापाऱ्याची पिकअप धरता येते, असा तो हिशोब आहे. सुनेची स्कूटी दिवाणजीने दाखवली होती बेलीफला, पण आरसी तिच्या नावाची, तिने पगारातून घेतलेली, बेलीफने हातही लावला नाही.

पुढे काय करतोय ते पण सांगून टाकतो म्हणजे मामांना उत्तर देता येईल. निम्मी रक्कम कोर्टात भरायची आणि बाकीचे हप्ते, असा अर्ज तयार आहे. हुकूमनामा झाल्यावर हप्ते पाडायचे तर समोरच्याची संमती लागते, त्याचा वकील हो म्हणालाय, शेठ अजून तोंड वाकडं करतोय. नाही जमलं तर पूर्ण रक्कम उभी करावी लागेल, कारण लिलाव झाला तर गाडी मातीमोल जाते. जाहीरनामा लागल्यावर निदान सात दिवस तरी मिळतात, आणि जास्त आले तर वरचे पैसे परत मिळतात, पण बोली लावायला येणारे सगळे भंगारवाले आणि त्यांचे पाहुणे, कोण पुरी किंमत देतो. तेवढी वेळ येणार नाही असं वाटतंय, दोन गटांचं अनुदान या महिन्यात पडेल असं सहायक कृषी अधिकारी म्हणालेत, ते दर महिन्याला म्हणतात ती गोष्ट वेगळी. तोवर माल पोचवायला शेजारच्याचा छोटा हत्ती भाड्याने घेतोय, त्यात नफा निम्मा जातो पण दुकान उघडं आहे.

तर आता तुम्ही करायचं ते एवढंच. तो माणूस परत आला तर पाणी द्या, बसवा, पण पैसे नाही, सही नाही, अंगठा नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. "हमीपत्र" नावाचा कागद तो बरोबर आणतो असं ऐकलंय, त्यावर सही केली की तो तुम्हालाही यात ओढायला बघेल. फार बोलायला लागला तर म्हणा पोराच्या वकिलाशी बोल. खरोखर कोर्टाचा बेलीफ आला तर ओळखपत्र आणि शिक्क्याचा कागद बघा, पोराला नीट फोटो काढू द्या, आणि मुलगा इथे राहत नाही, अमळनेरला राहतो एवढं सांगा. भांडू नका त्याच्याशी.

कानबाईच्या सणाला आम्ही सगळे एसटीने येतोय, शनिवारीच. रोटांचे गहू आई तू एकटी दळायला नेऊ नको, मी आल्यावर नेतो. आणि नाना, पत्र्याच्या पेटीत खाली लाल कापडात शेताचं खरेदीखत आहे, ते काढून ठेवा, वकिलांना झेरॉक्स हवीये. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, मामांच्या पण नाही, मी स्वतः येऊन झेरॉक्स काढून परत पेटीत ठेवीन.

तुमचा,
धाकला