सुरू लावताय, पण मर्यादवेलीचं काय?

मा. संपादक, स.न.

किनाऱ्याची धूप थांबवायची म्हटलं की सगळ्यांना सुरूच आठवतो. झाड मुळातलं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं. भराभर वाढतं, वारा अडवतं, मान्य, पण त्याच्या सुयांचा थर पडला की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि ती जागा आधी रिकामी नसतेच हो! तिथे मर्यादवेल असते, आपट्यासारखी पानं, जांभळट फुलं, पेरापेराला मुळं धरत पुढे सरकते आणि वाळू धरून ठेवते. शेजारी ते टोचरं गवत, स्पिनिफेक्स, ज्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर पुळणीभर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गडगडत जातात. त्याची नर झाडं वेगळी, मादी वेगळी, म्हणजे एखाद्या पुळणीवर नुसते नर उरले तर बी धरणार कसं? आपल्याकडे कोणी मोजलेत का?

कांदळवनाचं बरं झालं, २००५ ला कांदळवनतोडीवर हायकोर्टाचा दणका, २०१२ ला वनखात्यात वेगळा कक्ष, २०२० ला पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष. वाळूवरच्या वेलीला कोण विचारतो! मर्यादवेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे म्हणून ती धोक्यातली नाही, बरोबरच आहे, पण आमच्या पुळणीवरून ती गेली तर ते जगाच्या यादीत थोडंच दिसणार.

२०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांत वाळूच्या टेकड्या सगळ्यात कडक गटात आहेत. पण टेकडीवर काय काय उगवतं याची नोंदच नसेल तर जेसीबी फिरल्यावर काय गेलं ते सांगणार कोण?

२००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावागावात लोक जैवविविधता नोंदवही आली. आमच्या गावची बघितली, आंबा काजू फणस कोकम सगळं आहे, पुळणीवरचं एक झाड नाही. निदान बॉटनीच्या पोरांना वर्षभरासाठी किनाऱ्याची एकेक पट्टी नेमून द्या, फूल कधी येतं, बी कधी पिकते, पावसाळ्यातल्या उधाणानंतर वेल कुठून परत फुटते एवढं जरी लिहिलं तरी रोपवाटिकेला बी कधी गोळा करायची ते कळेल. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या जुन्या माणसांना सोबत घ्या, पूर्वी वेल कुठपर्यंत होती ते त्यांना पाठ आहे, पण त्यांची पोरं आता मुंबईला, तेव्हा हे काम याच हिवाळ्यात सुरू करा.

– एक वाचक, ता. गुहागर