सोळा तारखेपासूनची रजा

ऑग्सबर्ग, 9 ऑगस्ट 2026

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

काल व्हिडिओ कॉलवर रस्ता सुनसान दिसला आणि आई घाबरली, तेव्हापासून मला चैन नाही. दंगल नव्हती गं, सुट्टी होती. मी उपाशीही नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस दुकानं बंद राहणार हे माहीत होतं, म्हणून शुक्रवारीच दूध-भाजी भरून ठेवली.

सुट्टीचं नीट सांगते, कारण बाबांना ते पटलेलं दिसलं नाही. 8 ऑगस्ट हा इथला शांततेचा सण. त्याची सरकारी सुट्टी अख्ख्या जर्मनीत फक्त या एका शहराला. ठाण्यात सगळं बंद आणि मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे बाजार चालू, असं समजा. 1629 साली याच तारखेला इथल्या प्रोटेस्टंट लोकांची प्रार्थना बंद पाडली होती. 1648 मध्ये तीस वर्षांचं युद्ध संपलं, हक्क परत मिळाले, आणि 1650 पासून त्यांनी सणाला तीच तारीख धरली. ज्या दिवशी हिरावून घेतलं, तोच दिवस सणाचा! आता सगळ्या धर्मांची माणसं टाउन हॉलपुढच्या चौकात टेबलं मांडून बसतात आणि घरून आणलेलं एकमेकांना देतात. मी थालीपीठं नेली. आई, तुझ्या भाजणीतली ती शेवटची. शेजारी बसलेल्या आजींनी दोन खाल्ली, वर पीठ कसलं म्हणून विचारलं. मला सगळी धान्यं सांगताच येईनात. पुढच्या फोनवर लिहून घेते.

येत्या शनिवारी 15 ऑगस्टलाही सुट्टी आहे, पण ती मेरीच्या स्वर्गारोहणाची.

"एवढ्या सुट्ट्या, मग गणपतीला का नाही?" बाबा, त्या त्यांच्या सणांच्या. आपल्या सणाला रजा टाकावी लागते, आणि मी ती मे महिन्यातच टाकली होती. इथल्या शाळांची उन्हाळी सुट्टी या वर्षी 14 सप्टेंबरपर्यंत आहे आणि मुलंबाळं असलेल्यांना रजा आधी देतात. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती नेमके 14 लाच. मला 16 पासून देत होते. तोवर आपल्या दीड दिवसाच्या बाप्पाचं विसर्जन झालेलं असतं. म्हणून ते दिवस दिवाळीसाठी ठेवलेत. तिकीट अजून काढलं नाही, पण नक्की काढते.

घराच्या हप्त्याचे पैसे उद्या पाठवते. बाबांच्या मोतीबिंदूचे वेगळे पाठवतेय, ते हप्त्यात घालू नका. ऑपरेशन पुढे ढकलू नका. डोंबिवलीच्या स्थळाला लगेच नकार कळवू नकोस आई, दिवाळीत आले की भेटेन. परवा त्यावरून तुझ्यावर चिडले, तो राग तुझ्यावरचा नव्हता. मोदकांना ताईला बोलाव, एकटी राबू नकोस.

माझी झांज दादाच्या मुलाला द्या. आरती अकराच्या सुमारास करा, तेव्हा इथे साडेसात वाजतात. ऑफिसला निघायच्या आधी मला सगळी बघता येईल. फोन फक्त मखरासमोर नीट टेकवून ठेवा, मागच्या वर्षी सगळा वेळ पंखाच दिसत होता.

तुमची,
छकुली